स्टेअरिंग हलके होते तेव्हा : फोर्स फीडबॅकचा पूर्वेतिहास

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने संगणकावरच्या मोटारशर्यतींसाठी एक स्टेअरिंग विकत घेतले. टेबलाच्या कडेला ते क्लॅम्पने आवळायचे, खाली पेडल ठेवायची, आणि पडद्यावरच्या ट्रॅककडे बघत गाडी हाकायची. हे चाक नुसते फिरत नाही. त्याच्या पोटात मोटर असते आणि ती चालकाच्या हाताला विरोध करते. गाडी वळणात शिरली की चाक जड होते, ट्रॅकच्या कडेच्या रंगीत पट्टीवर चढली की थरथरते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. चाक जोडल्याबरोबर पुतण्याने सेटिंगमधला जोराचा आकडा शंभरावर नेऊन ठेवला. “काका, फुल फोर्स म्हणजे एकदम खऱ्या गाडीसारखं!” मी हात लावला, तर पहिल्याच वळणावर चाकाने माझे मनगट मुरगाळले.

माझे वडील, नाना, शेजारी खुर्चीवर बसून बघत होते. त्यांनी एस.टी.त तीस वर्षे गाडी चालवली, त्यातली बरीचशी घाटातून आणि पॉवर स्टेअरिंग नसलेल्या काळात. पुतण्याने त्यांच्या हाती चाक दिले. दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, “हे स्टेरिंग नुसतंच जड आहे. हलकं कुठं होतंय?”

पुतण्याला तो विनोद वाटला. मला तो वाटला नाही, कारण लहानपणी कुंभार्ली घाटात त्यांच्या केबिनमध्ये बसून मी हेच वाक्य उलट बाजूने ऐकले होते : पावसात स्टेरिंग हलकं लागलं की पाय काढायचा. म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा. त्या वाक्यामागचे शास्त्र मी तेव्हा विचारले नाही. आता ते शोधताना मी एका निराळ्याच इतिहासात जाऊन पोहोचलो. घरगुती फोर्स फीडबॅकची गोष्ट सहसा १९९७ पासून, खेळाच्या कंपन्यांपासून सांगितली जाते. माझ्या मते ती निदान पन्नास वर्षे जुनी आहे आणि तिची सुरुवात खेळात नाही, अणुभट्टीच्या राखेत आहे. सेटिंगच्या पडद्यावर पुतण्या जे आकडे सरकवत होता, त्यातल्या प्रत्येकाला पूर्वज आहेत.

आधी नानांच्या वाक्याचा उलगडा. टायर रस्त्याला एका बिंदूत टेकत नाही, तळहाताएवढ्या पट्टीवर टेकतो. चालकाने चाक वळवले की टायरचे तोंड एका दिशेला आणि त्याची प्रत्यक्ष चाल किंचित वेगळ्या दिशेला, असा एक लहान कोन पडतो. त्याला आपण सरक-कोन म्हणू. पट्टीच्या पुढच्या टोकाला रबर रस्ता धरते आणि मागे जाता जाता बाजूला ताणले जाते. ताण मागच्या भागात जास्त, म्हणून गाडीला वळवणारे बाजूचे बलही पट्टीच्या बरोबर मध्यावर न एकवटता जरा मागे एकवटते. मध्याच्या मागे लागणारे बल चाकाला पुन्हा सरळ करू पाहते. हातांना वळणात जो जडपणा लागतो, त्यातला मोठा वाटा या सरळ करू पाहणाऱ्या पिळाचा. उरलेला बराचसा चाकाचा आस मागे कललेला ठेवतात त्याचा. सायकलच्या पुढच्या चाकात तो कल डोळ्यांनी दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. कोन आणखी वाढला की पट्टीचा मागचा, सर्वांत ताणलेला भाग आधी हार मानतो आणि घसरू लागतो. पुढचा भाग अजून धरून असतो. त्यामुळे बलाचे केंद्र पुढे, मध्याकडे सरकते. तरफेचा दांडा आखूड होतो. आणि पकड अजून वाढत असतानाच पीळ मात्र कमी होऊ लागतो. साध्या मोटारीच्या टायरात पीळ साधारण तीन-चार अंशांवर कळस गाठतो, बाजूची पकड त्यानंतर बऱ्याच पुढे. या दोन कळसांच्या मधल्या अंतरात स्टेअरिंग हलके होते. गाडी अजून सुटलेली नाही, पण सुटणार आहे, हा निरोप डोळ्यांआधी हातांना मिळतो. ओल्या रस्त्यावर हे सगळे लवकर आणि कमी जोरात घडते, म्हणून तिथे लक्ष जास्त लागते. नानांना सरक-कोन माहीत नव्हता. निरोप माहीत होता.

मग प्रश्न असा की, हातांना असा निरोप यंत्रामार्फत पोहोचवण्याचा विचार पहिल्यांदा कुणी गंभीरपणे केला? माझे उत्तर : रेमंड गोर्ट्झ यांनी, शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. किरणोत्सारी द्रव्ये जाड भिंतीपलीकडे हाताळायची होती, आणि माणसाचा हात तिकडे नेता येत नव्हता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोर्ट्झ यांनी जे हस्तक तयार केले, त्यात भिंतीच्या अलीकडे एक हात आणि पलीकडे त्याचे प्रतिरूप होते. दोन्ही धातूच्या पट्ट्यांनी आणि तारांनी जोडलेले. अलीकडचा हात हलवला की पलीकडचा तसाच हलायचा. महत्त्वाचे हे की, जोडणी दोन्ही बाजूंनी चालायची. पलीकडच्या चिमट्यात काचेची बाटली आली की तिचा कठीणपणा अलीकडच्या बोटांना लागायचा. जाड काचेतून बघत नळीचे झाकण फिरवणाऱ्या माणसाला झाकण आट्यांत बसले की वाकडे चढले, हे डोळ्यांपेक्षा बोटांनीच कळत असे.

१९५४ साली गोर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधल्या पट्ट्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी वीज आणली. दोन्ही बाजूंना मोटरी बसवल्या. पलीकडे अडथळा आला की अलीकडची मोटर हाताला तेवढाच विरोध करी. हा क्षण मला या संपूर्ण कथेतला सर्वांत मोठा वाटतो. तोवर हाताला लागणारे बल खऱ्या वस्तूकडून धातूमार्गे येत होते. आता ते मोटर निर्माण करत होती. वस्तूकडून येत होता तो फक्त संदेश. एकदा हे मान्य केले, की पलीकडे खरी वस्तू असण्याचीही गरज उरत नाही. (ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही असे मास्टर-स्लेव्ह हस्तक पुढे घडवले गेले. आपल्याकडे अणुशक्तीवरच्या लेखनात भट्ट्यांची चित्रे येतात, या हातांची क्वचितच.)

विजेच्या हस्तकाबरोबर दोन अडचणीही आल्या. पहिली, यंत्राचे स्वतःचे घर्षण. घर्षण जितके जास्त, तितके हलके स्पर्श त्यातच मुरून जातात. दुसरी, मोटरीची ताकद. मोटरीच्या मर्यादेपलीकडचे बल ती दाखवू शकत नाही. तिथून पुढे सगळे सारखेच. लहान बल घर्षणात हरवते आणि मोठे बल छताला टेकते. या दोन भिंतींमधल्या पट्ट्यात जे बसेल तेवढेच हाताला कळणार. वाचकांनी ही जोडी लक्षात ठेवावी. ती पुतण्याच्या टेबलावर जशीच्या तशी परत येणार आहे.

त्याच सुमारास मोटारीत आणि विमानात नेमके उलटे संकट उभे राहिले होते. तिथे हातापर्यंत येणारे बल जास्त होते आणि ते कमी करायचे होते. फ्रान्सिस डेव्हिस हे पिअर्स-ॲरो या मोटार कंपनीतले अभियंता. नोकरी सोडून त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टेअरिंग तयार केले आणि १९२६ मध्ये गाडीवर बसवून दाखवले. मंदीच्या वर्षांत ते महागडे यंत्र बाजूला पडले. युद्धात जड लष्करी वाहनांना ते लागले, आणि सर्वसामान्य ग्राहकाच्या मोटारीत ते आले १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. एका बोटाने गाडी वळवता येऊ लागली. पण पूर्ण मदत केली, तर रस्त्याचा निरोपही तेलातच विरतो. म्हणून पुढे स्टेअरिंगच्या दांड्यात एक बारीक, पीळ घेणारी सळई बसवण्याची पद्धत रूढ झाली. चालकाने जितका पीळ दिला त्या प्रमाणात तेल मदतीला येते. थोडा भार हाताकडेच राहतो. सळई किती जाड ठेवायची, म्हणजेच हाताकडे किती राहू द्यायचे, हे कुणीतरी अभियंता ठरवतो आणि गाडीचे गिऱ्हाईक ते निमूट स्वीकारते.

विमानात गोष्ट आणखी पुढे गेली. जेट विमानांच्या वेगात पंखांवरच्या पट्ट्या हाताच्या जोराने हलेनात, तेव्हा ते काम संपूर्णपणे तेलाच्या दाबाकडे सोपवले गेले. वैमानिकाच्या हातातली दांडी मोकळी झाली, इतकी की भरवेगात ती जरा जास्त ओढली तर विमान मोडायचे. म्हणून दांडीला मुद्दाम खोटा जडपणा दिला गेला : कुठे स्प्रिंग, कुठे वजन, कुठे वाऱ्याच्या दाबावर फुगणारा भाता, म्हणजे वेग वाढेल तशी दांडी जड. या व्यवस्थेला कृत्रिम संवेदना असे सरळ नाव आहे. हाताला लागते ते खोटे, पण ते सांगते ते खरे.

आता पुन्हा आर्गॉनच्या हाताकडे. १९६५ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एका छोट्या निबंधात संगणकाच्या अशा पडद्याची कल्पना मांडली, जिथे चित्रातली वस्तू हातालाही लागेल. ती वाचून फ्रेडरिक ब्रूक्स यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिल येथे, १९६७ पासून ग्रोप नावाचा प्रकल्प चालवला. अणूंच्या रेणूंच्या बलक्षेत्रात हात घालून ती बले अनुभवायची, हा हेतू. त्यासाठी त्यांना जो यांत्रिक हात मिळाला, तो आर्गॉनचाच हस्तक होता. भिंतीपलीकडची बाटली गेली आणि तिच्या जागी संगणकाने मोजलेला रेणू आला. मात्र त्या काळचे संगणक इतके धिमे होते की काम बरीच वर्षे तसेच ठेवावे लागले. ऐंशीच्या दशकात ते पुन्हा हाती घेतले गेले. १९९० मध्ये ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात, नुसत्या चित्रापेक्षा हाताला बल दिल्यावर काम सुमारे दुप्पट चांगले होते, असा निष्कर्ष आहे. मला त्यातला ‘सुमारे दुप्पट’ हा शब्दप्रयोग आवडला. तेवीस वर्षांच्या कष्टांनंतर कुणी दहापट म्हणाले असते.

त्याच वर्षीचा आणखी एक शोधनिबंध आहे आणि माझ्या दृष्टीने तोच या साखळीतला हरवलेला दुवा. विषय : बल दाखवणाऱ्या जॉयस्टिकने खरखरीत, गुळगुळीत पृष्ठभाग कसे जाणवून द्यायचे. लेखकांत पहिले नाव मार्गारेट मिन्स्की यांचे. त्यात ब्रूक्स आहेत आणि मॅक्स बेहेन्स्कीही आहेत. हे बेहेन्स्की अटारीचे. म्हणजे अणुप्रयोगशाळेच्या हाताचा वारस आणि नाण्यावर चालणाऱ्या खेळयंत्राचा अभियंता एकाच निबंधावर शेजारी शेजारी. खेळाचा इतिहास लिहिणारे आर्गॉनकडे बघत नाहीत आणि विज्ञानाचा इतिहास लिहिणारे अटारीकडे. म्हणून हे शेजारपण नजरेतून सुटते.

अटारीचे ते खेळयंत्र म्हणजे १९८९ चे ‘हार्ड ड्रायव्हिन’. त्याआधी, १९७६ मध्ये, सेगाच्या मोटरसायकलच्या खेळात धडकेला हँडल थरथरत असे. पण थरथर म्हणजे बल नव्हे. थरथर सांगते की काहीतरी घडले. बल सांगते की काय घडत आहे आणि कुठल्या बाजूला. हार्ड ड्रायव्हिनमध्ये किल्ली होती, क्लच होता, चार गिअरचा दांडा होता, आणि स्टेअरिंगला मोटर होती. ती मोटर आधीच ठरवून ठेवलेले झटके वाजवत नव्हती; संगणकात गाडीचे गणित चालू होते आणि त्यातून निघालेला पीळ चाकाला दिला जात होता. त्या गणितासाठी डग मिलिकन या वाहनगतिशास्त्रज्ञाची मदत घेतलेली होती, आणि खेळात त्यांचे नाव चाचणी-चालक म्हणून येते. पडद्यावरची गाडी आज पत्र्याच्या खेळण्यासारखी दिसते. तरीही डोळ्यांसाठी फार थोडे आणि हातांसाठी पुष्कळ करणारे इतके जुने मोटारखेळयंत्र मला दुसरे दिसलेले नाही.

हाताला पीळ द्यायचा तर तो आधी मोजता आला पाहिजे, आणि टायर हा मोठा हटवादी पदार्थ. हॉलंडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पासेका यांनी व्होल्वोच्या सहकार्याने १९८७ मध्ये एक सूत्र मांडले. त्यामागे रबराचे कुठलेही मूलभूत तत्त्व नाही. टायर यंत्रावर फिरवून जे आकडे येतात, त्यांच्यावर ही वक्ररेषा चपखल बसते, एवढेच. म्हणूनच त्याचे नाव पडले जादूचे सूत्र. एक वक्र बाजूच्या पकडीचा, दुसरा सरळ करू पाहणाऱ्या पिळाचा. कागदावर हे दोन वक्र शेजारी काढले, की दुसरा आधी वळतो आणि पहिला नंतर. ‘पाय काढायचा’ हे वाक्य त्या दोन टेकड्यांच्या मधल्या जागेत राहते.

नव्वदच्या दशकात हे सगळे घरात आले. १९९३ मध्ये लुई रोझेनबर्ग यांनी इमर्शन ही कंपनी काढली. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सच्या पाचव्या आवृत्तीत फोर्स फीडबॅकची सोय आली, त्याच वर्षी त्यांची जॉयस्टिक आणि पुढच्या वर्षी स्टेअरिंग. इथे एक बारीक पण दूरगामी निर्णय झाला. खेळाने चाकाला बल न्यूटनमध्ये सांगायचे नाही. शून्य ते दहा हजार अशा मोजपट्टीवर सांगायचे. दहा हजार म्हणजे त्या यंत्राला जमेल तितका जोर. चाक स्वस्त असो वा महाग, भाषा एक. सोय मोठी झाली, पण गाडीचा खरा पीळ आणि हातातला पीळ यांच्यातले प्रमाण ठरवण्याचे काम, जे डेव्हिस किंवा विमानाचा अभियंता करत होता, ते खेळणाऱ्याच्या अंगावर आले. १९९८ च्या ‘ग्रां प्री लेजंड्स’ या खेळात, ज्यात १९६७ च्या शर्यती होत्या, हे आकडे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हाताने बदलावे लागत : जास्तीत जास्त पीळ, विलंब, दाब. तो खेळ करणाऱ्या पॅपिरसचे डेव्हिड केमर यांनीच पुढे आयरेसिंग उभारले, जे २००८ पासून चालू आहे.

आता पुतण्याच्या टेबलापाशी येऊ. गिअर असलेले घरगुती चाक सुमारे दोन न्यूटन-मीटर पीळ देते. लॉजिटेकचे २००६ चे जी२५ हे त्या जातीचे प्रसिद्ध उदाहरण. समजा, खेळातल्या गाडीचा पीळ वेगवान वळणात १५ न्यूटन-मीटरपर्यंत चढतो आणि टायर सुटण्याच्या बेतात ११ पर्यंत उतरतो. पुतण्याने जोर असा चढवून ठेवला, की खेळातले १० न्यूटन-मीटर म्हणजेच चाकाचे दहा हजार. मग १५ सुद्धा दहा हजार आणि ११ सुद्धा दहा हजार. हाताला दोन्ही सारखेच जड. जो उतार निरोप घेऊन येणार होता, तो छतावर घासून सपाट झाला. चाक हलके होईल ते पीळ १० च्या खाली आल्यावर, आणि तोवर पुढची चाके निघून गेलेली असतील. याला क्लिपिंग म्हणतात. नानांचा प्रश्न बरोबर होता. शंभरावर ठेवलेले चाक खऱ्या गाडीसारखे नव्हते. ते मुके होते आणि ओरडत होते.

उलट्या टोकाला गेले तर गोर्ट्झची दुसरी भिंत आहे. जोर फार उतरवला तर सरळ रस्त्यावरचे बारीक बल गिअरच्या घर्षणात मरते. त्यावर इलाज म्हणून काही खेळांत किमान बलाची सेटिंग असते : कितीही लहान संदेश असला तरी घर्षण ओलांडण्याइतका जोर आधी द्यायचा. ती जास्त झाली की चाक सरळ रस्त्यावर आपोआप डावी-उजवीकडे झुलू लागते. डॅम्पिंगने झुलणे थांबते, पण त्यात बारीक निरोपही जातो. काही हौशी लोक चाकाला पायरीपायरीने बल देऊन ते प्रत्यक्षात किती फिरते हे मोजतात आणि त्यावरून दुरुस्तीचा तक्ता बनवतात. मला त्यांच्यात सोनाराचा काटा जुळवणारा माणूस दिसतो.

हल्ली मोटरीच्या आसावर थेट चाक बसवतात, मध्ये गिअर नाही की पट्टा नाही. फॅनाटेकच्या २०१८ च्या अशा यंत्राची कमाल २० न्यूटन-मीटर, लॉजिटेकच्या २०२२ च्या यंत्राची ११. घर्षण जवळपास गेले, छत उंच गेले. पण अमेरिकेतल्या इंडीकारमध्ये आजही पॉवर स्टेअरिंग नाही आणि ते चालक त्यासाठी खांदे कमावतात. घरच्या खुर्चीत तेवढे बल हवेच, असे मला वाटत नाही. हाताला बलातला फरक कळतो तो प्रमाणाने. सात ते दहा टक्के बदलले की कळते. मोठ्या बलाखाली दमलेल्या हाताला हलकेपणा उमगायला उशीर होतो. जास्त ताकदीच्या मोटरीचा खरा उपयोग जोर लावण्यासाठी नसून छताला न टेकण्यासाठी आहे. याबाबत पुतण्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही आकडा पाच-पाचने खाली आणत गेलो. क्लिपिंग दाखवणारी लाल पट्टी पडद्यावर उघडून ठेवली, आणि सर्वांत वेगवान वळणात ती फक्त क्षणभर उजळेल तिथे थांबलो. बासष्टवर. मग चाक नानांकडे दिले. त्यांनी तिसऱ्या फेरीत, पावसाचे वातावरण लावलेले असताना, उजव्या वळणावर पाय काढला. गाडी रस्त्यावर राहिली. “लागलं,” ते म्हणाले. पुढच्याच वळणावर मात्र मागची चाके सुटली आणि गाडी गोल फिरून गवतात गेली. नाना बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. “पुढचं सांगतंय. मागचं नाही सांगत. मागचं बुडाला कळतं, हाताला नाही.”

हेही खरे आहे. खऱ्या गाडीत मागच्या चाकांचे सुटणे आसन आणि कंबर सांगते, आणि खोलीतल्या खुर्चीला ते माहीत नसते. म्हणून काही खेळांत मागच्या टायरांची सरक मुद्दाम स्टेअरिंगच्या बलात मिसळण्याची सोय असते. शुद्धतावादी ती बंद ठेवतात. नानांना हे सांगितल्यावर त्यांनी ती लावून बघायला सांगितले. तोवर जेवणाची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेलो तर आकडा पुन्हा ऐंशीवर होता.